कानसर आणि आमच्या शाळेची बदनामी

आमच्या हेडमास्तरांना शाळेची निंदा ऐकायला फार आवडे. नुसती कानावर आली तर ऐकली असं नव्हे. जिथे मिळेल तिथे जाऊन, समोरच्याला चहा पाजून, प्रसंगी पदरची भर घालून ते ती ऐकत. लोक देवळात कीर्तनाला बसतात तसे ते न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसत आणि आरशात बघत सहज विचारल्यासारखं विचारत, "काय हो, ती पागेतली शाळा कशी काय आहे?" न्हावी त्यांना ओळखत असे, पण शेजारच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक ओळखत नसे. साबणाने माखलेल्या तोंडाने ते गिऱ्हाईक बोलू लागलं की सरांचा चेहरा असा खुलत जाई, की न्हाव्याला वस्तरा बाजूला ठेवून आधी स्वतःचं हसू आवरावं लागे.

त्यांचे कान मुळातच मोठे. त्यात बोलणाऱ्याकडे डावा कान करून, त्यामागे हाताचा पंजा धरून ते पुढे वाकत. त्यावरून मुलांनी त्यांचं नाव 'कानसर' ठेवलं होतं. ते त्यांच्यापर्यंत पोचलं तेव्हा वर्गात येऊन म्हणाले, "नाव बरं आहे. मागच्या शाळेत मला घुबड म्हणत. त्या मानानं प्रगती आहे."

कोल्हापूर संस्थान विलीन होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हाची ही गोष्ट. आमची शाळा भरायची ती इमारत पूर्वी घोड्यांची पागा होती. कोर्टात शिरस्तेदार असलेले माझे वडील, अण्णा, म्हणायचे, "फरक एवढाच झालाय, की घोड्यांना खरारा तरी रोज होत असे." शाळेत निम्मी मुलं पेठांतली आणि निम्मी कोडोली, राधानगरीकडची, कुणी बोर्डिंगात राहणारी, कुणी मावशीच्या घरी. पेठेतल्या पालकांचं मत, ही खेड्यातल्या पोरांची शाळा, इथे आपली मुलं बिघडतात. खेड्यातल्या पालकांचं मत, ही शहरातल्या पोरांची शाळा, इथे आपली मुलं बिघडतात. मुलांचं मत कुणी विचारत नसे. विचारलं असतं तर रांजणातल्या पाण्याला शेवाळाचा वास येतो, हे सर्वांनी एकमुखाने सांगितलं असतं. कानसर मात्र तिघांनाही विचारायचे.

एकदा ते कोडोलीहून लग्न उरकून एस.टी.ने परत येत होते. शेजारी फेटा बांधलेले एक शेतकरी आणि मांडीवर पत्र्याची ट्रंक घेतलेला त्यांचा मुलगा. ते शेतकरी म्हणजे ज्ञानूआबा आणि मुलगा म्हणजे मारुती. मारुतीनेच पुढे ही हकिगत अख्ख्या शाळेला सांगितली.

"पावणं, कुनीकडं?" ज्ञानूआबांनी विचारलं.

"कोल्हापूरला. तुम्ही?"

"पोराला शाळंत घालाय निगालोय. त्या पागंतल्या."

"अरेरे," कानसर म्हणाले.

"का वो?"

"काही नाही. तिथल्या हेडमास्तरबद्दल ऐकतो आपलं काहीबाही."

"खुळं हाय म्हनत्यात," ज्ञानूआबा आवाज खाली न आणता म्हणाले. कोल्हापूरकडे आवाज खाली आणून कुणी काही सांगत नाही.

"पूर्ण?"

"आरदं."

"अर्धंच? मी जास्त ऐकलंय," असं म्हणून कानसरांनी हेडमास्तरांच्या चार गोष्टी अशा रंगवून सांगितल्या, की पुढच्या बाकावरचे लोकही मागे वळून बसले. हेडमास्तर म्हणे वहाणा विसरून अनवाणी शाळेत येतात, शिपायाला 'अहो' म्हणतात आणि शिक्षकांनी मुलांविरुद्ध तक्रार केली तर आधी मुलाला विचारतात. शेवटी त्यांनी विचारलं, "मग असल्या माणसाच्या हाती पोरगं का देताय?"

ज्ञानूआबांनी ट्रंकेवर हात ठेवला. "दुसऱ्या शाळंत फिरून आलोय. खेड्यातलं पोर म्हटल्यावर नाक मुरडत्यात. ह्यो खुळा घेतोय."

त्यानंतर स्टँड येईपर्यंत ती ट्रंक शेजारच्या पाहुण्याने आपल्या मांडीवर घेतली होती, असं मारुती सांगायचा.

दुसऱ्या दिवशी ज्ञानूआबा मुलाला घेऊन हेडमास्तरांच्या खोलीत शिरले आणि खुर्चीत कोण बसलंय ते बघून आल्या पावली मागे फिरले. कानसरांनी उठून त्यांचा हात धरला. "आबा, बसा. काल आपलं बोलणं अर्धवट राहिलं. मास्तर मारकुटे आहेत का, ते सांगायचं राहिलं तुमचं."

"मला काय म्हाईत सायेब, चुकलं माजं."

"चुकलं कसं? पोरगं देताना माणसानं चौकशी करायलाच हवी. मुलगी देताना करता ना?"

मारुतीला शाळेत घेतलं आणि ज्ञानूआबा गुळाची ढेप पाठवून देऊ लागले. ढेप आली की कानसर वर्गावर्गात गूळ वाटायचे आणि सांगायचे, "ज्यांनी मला अर्धं खुळं म्हटलं त्यांच्याकडून."

माझ्या अण्णांची तऱ्हा वेगळी. अण्णा महिन्यातून एकदा रीतसर तक्रार घेऊन शाळेत जात. आदल्या दिवशी कोट झटकून ठेवत, टोपीला इस्त्री करून घेत. आई म्हणायची, "भांडायला निघालेत की सासुरवाडीला?" मुद्दे त्यांनी बोटांवर मोजून पाठ केलेले असत. कानसर खुर्ची पुढे सरकवत, कानामागे पंजा धरत आणि म्हणत, "बोला शिरस्तेदार."

"भूगोलाचे शिक्षक वर्गात पेंगतात."

"खरं आहे. मी स्वतः पाहिलंय. अजून?"

"घंटा वेळेवर होत नाही."

"शाळेचं घड्याळ मागे आहे आणि शिपायाचं पुढे. दोघांचं पटत नाही. अजून?"

"आवारात कुस्त्या चालतात."

"चालतात. आणि वाईट असं, की आपली मुलं हरतात. अजून?"

अण्णा घरी येत ते पाय आपटतच. "त्या माणसाशी भांडताच येत नाही! मी शाळेची एक चूक दाखवतो, तर तो माणूस दोन दाखवतो. वर विचारतो, अजून?"

"मग जाता कशाला?" आई विचारी.

"पालक म्हणून कर्तव्य आहे," असं म्हणत अण्णा जेवायला बसत. त्या दिवशी त्यांना एक भाकरी जास्त लागे.

शनिवारी शाळा सकाळची. शेवटच्या तासाला कानसर सगळ्यांना चिंचेखाली बसवत आणि म्हणत, "हं, या आठवड्यात शाळेत काय वाईट झालं, ते सांगा." नियम दोनच. सांगणाऱ्याने खोटं सांगायचं नाही आणि ऐकणाऱ्याने रागवायचं नाही. पहिला नियम मुलं पाळत, दुसरा शिक्षकांना पाळावा लागे. त्या तासाला शिक्षकांच्या खोलीच्या खिडक्या आतून बंद होत आणि फटीतून सगळं ऐकलं जाई. एकदा मारुती उभा राहून म्हणाला, "सर, तुमच्या इंग्रजीच्या तासाला लई झोप येतीया."

"केव्हा? सुरुवातीला की शेवटी?"

मारुतीने प्रामाणिकपणे विचार केला. "मधी."

"ठीक आहे. मधला भाग गाळतो."

आणि पुढचा अख्खा आठवडा त्यांनी धड्याची सुरुवात शिकवली, शेवट शिकवला आणि मधल्या वेळात मुलांना मधला भाग आपापसात रचायला सांगितला. एका धड्यात म्हातारा खलाशी समुद्रात बुडून मरतो. आमच्या मुलांनी त्याला मधल्या भागात रंकाळ्यावर आणून भेळ खायला घातली. परीक्षेत ते चाललं नसतं, पण त्या आठवड्यात कुणी पेंगलं नाही.

त्या शनिवारच्या तासाला मी बोलले ती एकदाच. शाळेत आम्ही मुली मोजक्याच होतो आणि मधल्या सुट्टीत आम्हाला बसायला जागा नव्हती. आवारात कुस्ती, वर्गात डबा उघडावा तर खिडकीत तोंडंच तोंडं. एवढंच मी सांगितलं. कानसर पंजा कानामागे धरून ऐकत राहिले आणि "अजून?" म्हणाले नाहीत.

सोमवारी सकाळी शाळेत गेलो तर हेडमास्तरांचं टेबल चिंचेखाली. त्यांची खोली रिकामी करून खाली सतरंजी अंथरलेली, खिडकीला शाळेच्या जुन्या झेंड्याचा पडदा. "ही मुलींची खोली," एवढं सांगून ते झाडाखाली जाऊन बसले. पाऊस आला की छत्री उघडत. कागदांवर चिंचेचा पाला पडे, तो फुंकून सही करत.

पेठेत बातमी पसरायला कितीसा वेळ लागणार? पोरींनी हेडमास्तरला खोलीतनं हाकलला! दूधकट्ट्यावर तुळसाक्का म्हशीची धार काढून देत असे. तिचा मुलगा आमच्याच शाळेत नववीत मुक्काम ठोकून होता. कानसर तांब्या घेऊन गेले तेव्हा तिने सगळ्या गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "मास्तर, पोरींनी भाईर काढलं म्हनं, खरं व्हय?"

"खरं आहे, आक्का."

"बरं झालं! आत बसून तरी कुठला दिवा लावत हुतासा?"

हे वाक्य कानसरांनी शाळेत येऊन इतक्या कौतुकाने, आवाजासकट सांगितलं, की पुढे कित्येक दिवस कुणाचं गणित चुकलं तरी आम्ही म्हणत असू, "कुठला दिवा लावत हुतासा?"

मी दहावीत गेले त्या वर्षी शाळा चालवणाऱ्या संस्थेला नवे अध्यक्ष आले. माणूस वाईट नव्हता. मोटारीतून यायचे, स्वच्छ बोलायचे, आणि शाळेचा निकाल गावात वरच्या रांगेत आणायचा असं त्यांनी मनावर घेतलं होतं. निकाल वर आणायचा उपाय सगळ्या शाळांना माहीत होता. अकरावी म्हणजे तेव्हाची मॅट्रिक; तिची पूर्वपरीक्षा घ्यायची, कच्च्या मुलांचे मॅट्रिकचे फॉर्म अडवायचे. जी मुलं बसलीच नाहीत ती नापास कशी होणार? आमच्या शाळेत कानसर सगळ्यांचे फॉर्म पाठवत. अध्यक्षांनी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "परीक्षा बोर्ड घेतं. नापास करायचं काम त्यांचं. ते आपण आधीच का उरकायचं?"

अध्यक्षांना हे उत्तर उद्धट वाटलं. त्यांनी पालकांची सभा बोलवायचं ठरवलं. पालकांचं मत शाळेविरुद्ध आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. ते एकदा उघड सभेत बोललं गेलं की हेडमास्तरांना घरी पाठवायला कुणाची हरकत राहणार नव्हती. आणि बोलणारा पालक कोण, याबद्दलही कुणाला शंका नव्हती. अध्यक्षांची मोटार आमच्या दारात उभी राहिली.

आईने पोहे केले. अध्यक्ष म्हणाले, "शिरस्तेदारसाहेब, तुमच्यासारख्या जाणत्या पालकानं स्पष्ट बोललं पाहिजे." अण्णांनी पोह्यांवर आणखी खोबरं मागवलं. मोटार गेल्यावर ते आठवडाभर आरशासमोर भाषण म्हणून बघत होते. निकालाचा मुद्दा सर्वांत शेवटी, आवाज चढवून.

मी धीर करून म्हटलं, "अण्णा, सरांना काढून टाकतील."

"कोण काढतंय? मी तक्रार करतोय."

"पण त्यासाठीच सभा आहे."

"तुला कळत नाही," अण्णा म्हणाले आणि पुन्हा आरशाकडे वळले. खरोखर त्यांच्या मनात ते आलंच नव्हतं. बारा महिने ते शाळेला नावं ठेवत होते, पण त्या नावं ठेवण्याने शाळेला काही होऊ शकेल, ही कल्पना त्यांना शिवलीही नव्हती.

रविवारी सभा भरली ती आवारातच. अध्यक्ष आणि मंडळी खुर्च्यांवर, पालक सतरंज्यांवर. कानसरांना खुर्ची दिली होती, पण ते पालकांतच एका बाकावर जाऊन बसले. आम्ही मुली आमच्या खोलीच्या खिडकीतून झेंड्याचा पडदा बाजूला करून बघत होतो. मारुती आणि अकरावीची मुलं भिंतीवर.

अण्णा उठले आणि बोलू लागले. माझ्या वडिलांचं भाषण मी पहिल्यांदाच ऐकत होते आणि ते उत्तम होतं, हे मला भीत भीत कबूल करावं लागलं. घंटा, भूगोल, कुस्त्या, गळकं छप्पर, झाडाखालचं टेबल. लोक माना डोलवत होते, टाळ्या पडत होत्या. मध्येच त्यांनी श्वास घेतला तेव्हा बाकावरून कानसरांचा आवाज आला, "शिरस्तेदार, पाण्याच्या रांजणाचं राहिलं."

"त्यावर येतोच आहे!" अण्णा ओरडले, आणि रांजणावर आले. शेवटी निकाल. "दरवर्षी कच्ची मुलं परीक्षेला बसवून या शाळेचं नाव घालवलं जातं. उद्या माझी मुलगी इथून मॅट्रिक झाली तर लोक विचारतील, कुठली शाळा? ती आपली ती? हे फॉर्म अडवले पाहिजेत!"

टाळ्या पडल्या, पण त्या पुढच्या सतरंज्यांवर. मागून ज्ञानूआबा उठले. कोडोलीहून सकाळच्या गाडीने आले होते.

"सायेब, ह्यो मारुती माजा, त्यो बगा भित्तीवर. इंग्रजीत कच्चा हाय, मला ठावं हाय. तुमी म्हनतासा फारम अडवा. अडवा की. पर पुना एक वरीस बोर्डिंगात ठेवायची ताकद माज्यात न्हाई. त्यो नापास झाला तर आमी बापलेक बगून घेऊ. पर बसायच्या आदीच उटवू नगासा."

"आणि शाळेचं नाव जातं त्याचं काय?" अण्णांनी विचारलं. आवाज अजून चढलेलाच होता.

"सायेब, नाव शाळंचं जातंय, वरीस माज्या पोराचं जातंय."

अण्णा उभेच राहिले. त्यांचा हात कोटाच्या गुंडीवर फिरत राहिला.

तेवढ्यात बाजूने तुळसाक्काचा आवाज आला, "आनि शाळंचं नाव कवा हुतं गा, जायाला?"

सगळं आवार हसलं. सर्वांत मोठ्याने कानसर. अध्यक्ष तेवढे हसले नाहीत. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "सभेचं मत स्पष्ट झालं आहे. इतक्या तक्रारी असताना शाळा आहे तशी चालू ठेवणं योग्य नाही. हेडमास्तरांनी आता विश्रांती घ्यावी, आणि यंदाच्या फॉर्मचा निर्णय समिती घेईल, असा ठराव मी शिरस्तेदारसाहेबांच्या भाषणाच्या आधारे मांडतो."

मी खिडकीचा गज घट्ट धरला होता.

"थांबा," अण्णा म्हणाले.

"काय?"

"फिर्यादीनं अर्जात जे मागितलंच नाही ते कोर्ट देत नाही. माझ्या भाषणात हेडमास्तरांना काढा असं कुठे आहे?"

"अहो, पण तासभर तुम्ही इथे..."

"तासभर मी हेडमास्तरांशी बोलत होतो," अण्णा म्हणाले. "तुम्ही मध्ये बसला होता."

असा हशा त्या पागेत घोड्यांच्या काळापासून उठला नसेल. भिंतीवरच्या मुलांनी शिट्ट्या मारल्या. अण्णांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मग ज्ञानूआबांकडे न बघता, जमिनीकडे बघत ते म्हणाले, "आणि फॉर्मबद्दलचा माझा मुद्दा मी मागे घेतो. बाकीचे कायम आहेत."

ठराव बारगळला. अण्णा खाली बसले, ते नेमके कानसरांच्या बाकावर. कानसर त्यांच्याकडे कलून काहीतरी म्हणाले. घरी आल्यावर मी विचारलं, सर काय म्हणाले? अण्णा टोपी काढत म्हणाले, "काय म्हणणार? 'अजून?' म्हणाले. मी म्हटलं, पुरे."

त्या वर्षी सगळ्यांचे फॉर्म गेले आणि निकाल लागला तो असा, की गावातल्या शाळांत आमची शाळा खालून पहिली आली. मारुती काठावर पास झाला. इंग्रजीत तर इतका काठावर, की ज्ञानूआबा म्हणत, फुंकर मारली असती तर पडला असता. त्याच्याबरोबरची बरीच मुलं नापास झाली. त्यांतली काही ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेत सुटली, काही नांगराला लागली. कानसरांनी नापास झालेल्या प्रत्येकाला झाडाखाली बोलावलं आणि पेपर कुठे अडला ते विचारत बसले. त्या दिवसांत ते हसताना दिसले नाहीत. फॉर्म पाठवणं सोपं असतं, नंतर त्या मुलांच्या तोंडाकडे बघणं कठीण, हे ते आमच्या इतिहासाच्या शिक्षकांना म्हणाल्याचं मी ऐकलं.

अध्यक्षांना मग सभेची गरज उरली नाही. कानसरांचं वय झालं होतं. हेडमास्तरांना मुदतवाढ द्यायची संस्थेची रीत होती. त्यांना ती दिली नाही, एवढंच. कुणाला भांडता येईल असं त्यात काही नव्हतं. ते गडहिंग्लजला लेकीकडे राहायला जायचे ठरले. निरोप-समारंभाला ते आलेच नाहीत. "माझ्याबद्दल चांगलं बोलतील," म्हणाले, "सवय नाही."

म्हणून लोक स्टँडवर गेले. न्हावी होता, ज्ञानूआबा होते, मारुती होता, तुळसाक्का रिकामी चरवी घेऊन तशीच आली होती. अण्णा कोर्टातून अर्धी रजा काढून आले होते आणि मला बरोबर घेतलं होतं. तुळसाक्का म्हणाली, "मास्तर, माजं पोरगं अजून नववीतच हाय. त्येला टाकून कुठं निगालासा?" आणि पदराने डोळे पुसत राहिली.

कानसर खिडकीशी बसले. अण्णा खाली उभे राहून म्हणाले, "सर, इतकी वर्षं तुम्ही आमचं ऐकलंत. आज तुम्ही बोला. आम्ही पालक कसे होतो, ते एकदा मोकळेपणानं सांगून टाका."

कानसरांनी अण्णांकडे बघितलं, मग मागच्या सगळ्या मंडळींकडे बघितलं.

"शिरस्तेदार," ते म्हणाले, "गाडी सुटायला थोडाच वेळ आहे. एवढ्यात कसं मावायचं?"

अण्णा इतके हसले, की त्यांना टोपी काढून डोळे पुसावे लागले. गाडी सुटली तरी ते टोपी हातात धरूनच उभे होते.

मी अकरावीत गेले तेव्हा नवे हेडमास्तर आले. कडक, वक्तशीर, चांगले विद्वान गृहस्थ. घड्याळ दुरुस्त झालं, भूगोलाला दुसरे शिक्षक आले, रांजण बदलले. मुलींना वेगळी खोली बांधून मिळाली आणि हेडमास्तरांचं टेबल पुन्हा त्यांच्या खोलीत गेलं. शनिवारचा शेवटचा तास वेळापत्रकातून गेला. पूर्वपरीक्षेनंतर काही मुलं वर्गात दिसेनाशी झाली.

मध्यंतरी एकदा महिन्याच्या रिवाजाप्रमाणे अण्णा कोट घालून शाळेत गेले आणि लगेच परत आले. आई चुलीशी होती. तिने वळून बघितलं. "इतक्या लवकर? भेटले नाहीत का?"

"दारात शिपाई आहे. काम काय, म्हणाला. मी म्हटलं, तक्रार आहे. तो म्हणाला, लिहून पेटीत टाका."

"मग टाकलीत?"

अण्णांनी कोट काढून खुंटीला लावला. टोपी काढली, तिची घडी केली, पुन्हा उलगडली.

"शाळा सुधारली," ते म्हणाले.

आईने ताट वाढलं. ते पाटावर बसले, पण हात ताटाकडे जाईना. मी समोर पाणी घेऊन आले होते, ती तशीच खाली बसले आणि विचारलं, "काय तक्रार होती, अण्णा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग थोडे सावरून बसले, घसा साफ केला आणि अंगठा करंगळीवर ठेवला.

"पहिला मुद्दा," ते म्हणाले.